थेरपी रायडिंगसाठी घोडा कसा हवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेशल मुलांसाठी रायडिंग सुरू करायचंय, जरा घोडा बघायला या, असे फोन येतात तेव्हा निम्म्या वेळा घोडा आधीच घेऊन झालेला असतो आणि मग विचारतात हा चालेल का. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय. क्रम काही खास नाही, आठवेल तसं.

नुसतं घोड्यावर बसवून मुलाला काय फायदा होणार?

घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी वरखाली हलते, आणि वर बसलेल्याची कंबर जवळपास तशीच हलते जशी आपण स्वतःच्या पायाने चालताना हलते. आता ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही त्याच्या कंबरेला, पाठीला, पोटाच्या स्नायूंना ही हालचाल मिळते, तीही मिनिटाला शंभरेक पावलं, म्हणजे वीस मिनिटांत दोनेक हजार वेळा, आणि दर पावलाला तोल सावरायचं काम शरीर आपोआप करत राहतं. कुठलाही फिजिओ टेबलावर बसवून इतक्या वेळा हे करून घेऊ शकत नाही. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं, ३७.५ ते ३८.५ डिग्री सेल्सिअस, त्यामुळे सेरेब्रल पाल्सीतल्या (मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडते तो आजार) ताठ मांड्या हळूहळू सैल पडायला मदत होते.

चमत्कार नाही हां. यावरचे अभ्यास बहुतेक छोट्या गटांवरचे आहेत, बसण्याचा तोल आणि एकूण हालचाल याबाबत त्यातल्या त्यात बरं दिसतं. घोड्यावर बसून ऑटिझम "बरा होतो" असं कोणी सांगितलं तर तिथून निघा.

हिप्पोथेरपी आणि थेरपी रायडिंग एकच ना?

नाही. हिप्पोथेरपीत फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट स्वतः उपचार करत असतो, घोड्याची चाल हे त्याचं साधन, मुलाने रायडिंग शिकावं अशी अपेक्षाच नसते. थेरपी रायडिंगमध्ये इन्स्ट्रक्टर मुलाला झेपेल तेवढं रायडिंगच शिकवतो. घोडा दोन्हीकडे तोच चालू शकतो, फक्त हिप्पोथेरपीला त्याच्या चालीबद्दल जास्त चोखंदळ राहावं लागतं.

हे सगळं सुरू कुठून झालं?

डेन्मार्कची लिझ हार्टेल म्हणून घोडेस्वार होती, तिला १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही, घोड्यावर चढायला उतरायला दुसऱ्याची मदत लागायची, आणि त्या बाईने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि हालचाली करून घेण्याचा खेळ) रौप्यपदक घेतलं, पुरुषांच्या बरोबरीने खेळून. १९५६ ला परत रौप्य. घोडी ज्युबिली नावाची. त्यानंतर युरोपात लोकांनी हे गंभीरपणे घेतलं आणि १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे याच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या.

आमचा घोडा एकदम गरीब आहे, काही करत नाही. चालेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि घोडं पेंड खातं ते पण इथेच. "काही करत नाही" याची कारणं बरीच असू शकतात. दमलेला असेल, पोटात जंत असतील, रक्त कमी असेल, पाय दुखत असेल म्हणून हलत नसेल, किंवा लहानपणापासून इतका मार खाल्लाय की काही केलं तरी उपयोग नाही हे कळून गप्प बसलाय. असा घोडा बाहेरून अगदी शांत दिसतो. मग चांगलं खायला मिळालं, दोन महिन्यांत अंग धरलं की खरा स्वभाव बाहेर येतो, आणि तोवर तुम्ही त्याच्यावर मुलं बसवायला लागलेले असता.

खरा शांत घोडा ओळखायचा कसा, तर त्याचं लक्ष असतं. तुम्ही जवळ गेलात की एक कान तुमच्याकडे वळतो, मान थोडी खाली, डोळा मऊ, खालचा ओठ सैल. हात पुढे केला तर हुंगतो. मागे कोणी बादली आपटली तर डोकं वर करतो, बघतो, आणि परत गवत खायला लागतो. गप्प झालेला घोडा बघतसुद्धा नाही, कान कुठेच फिरत नाहीत, नजर भिंतीकडे. असा घोडा मी मुलांसाठी घेणार नाही, फुकट दिला तरी नाही.

आणि एक, न बुजणारा घोडा नसतोच. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या बरोबर मागे दिसत नाही, आणि तिथून काही आलं की तो दचकणारच. बघायचं हे की दचकून काय करतो. जागच्या जागी अंग आखडतो आणि दोन श्वासांत सैल पडतो, तो आपला. गर्रकन वळून सुटतो तो नाही, मग एरवी कितीही गोड असू दे.

मग घोडा बघायला गेल्यावर सुरुवात कुठून करू?

चालीपासून. स्वभाव नंतर. लोक उलटं करतात, आधी प्रेमात पडतात आणि मग चाल बघतात, तेव्हा काही दिसत नाही.

तबेल्यातून बाहेर काढायला सांगा, खोगीर नको, नुसती मोहरकी (तोंडाभोवतीचे पट्टे, लगामाशिवाय). सपाट, कडक जमिनीवर तुमच्यापासून लांब चालवायला सांगा, मग तुमच्याकडे, मग बाजूने. डोळे मिटून टापा ऐका, साध्या चालीत एक दोन तीन चार असे चार ठोके सारख्या अंतराने यायला हवेत. एखादा ठोका हलका किंवा उशिरा आला तर कुठलातरी पाय वाचवतोय. मागून बघताना पुठ्ठ्याची दोन्ही हाडं सारखी वरखाली व्हायला हवीत, एक बाजू जास्त उचलली जात असेल तर लंगड आहे, बारीक का होईना. मग दुडकी चालवून बघा, दुडकीत लंगड लगेच कळते, पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. इथे कोणी "अहो साध्या चालीला काय फरक पडतो" म्हणेल तर ऐकू नका. घोड्याची पाठ वाकडी हलली की मुलाची कंबर वाकडी हलते, आणि ज्या मुलाची एक बाजू आधीच कमजोर आहे त्याला आपण दोनेक हजार वेळा वाकडंच शिकवतो.

ओल्या मातीवरून चालवून घ्या. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला तर पाठ मोकळी आहे, पाऊल लांब आहे. मागेच पडत असेल तर घोडा आखडून चालतोय, पाठ तरी दुखतेय नाहीतर सवय. मग पाठीवरून बोटं दाबत न्या, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्यावरच्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे गेले तर दुखतंय. आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना समोर उभं राहून तोंड बघा, पुष्कळ घोडे तेव्हाच दात दाखवतात आणि मालक म्हणतो त्याची ती सवयच आहे. सवय नसते, दुखत असतं.

जात कोणती घ्यावी? मारवाडी चालेल का?

जात सगळ्यात शेवटी. मारवाडी, काठियावाडी दिसायला देखणे, पण त्यांच्यात एक गोष्ट बघावी लागते. आपल्याकडे बाजारात रेवाल चालीला, म्हणजे पाठ जवळपास न हलवता भरभर टाकलेल्या पावलांना, भाव असतो, स्वार हलतच नाही, हातातला ग्लास सांडत नाही वगैरे. लांबच्या रपेटीला मस्तच, पण थेरपीला आपल्याला नेमकी ती हालचालच हवी असते, स्वार हललाच नाही तर उपयोग काय? म्हणून असा घोडा साध्या चालीत किती वेळ राहतो ते बघा, थोडं घाई केली की लगेच रेवाल धरत असेल तर त्याला शिकवत बसावं लागेल. शिवाय हे घोडे चलाख असतात, लवकर कंटाळतात.

दख्खनी तट्टू मला वैयक्तिक आवडतं. भीमथडीची तट्टं आपण फक्त इतिहासात ऐकतो, पण ती आजही आहेत, धनगर मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर सामान वाहत हिंडतात, आणि अलीकडे भीमथडी ही वेगळी जात म्हणून देशपातळीवर नोंदवलीही गेली. अंगाने आटोपशीर, खूर कडक, पाठीवर कोंबड्यांपासून करडांपर्यंत काय काय लादून चालायची सवय. मोठ्या माणसांना उपयोगाची नाहीत पण लहान मुलांना फार छान.

उंची किती हवी? वजन किती झेपतं?

बाजारात त्रेसष्ट चौसष्ट इंची म्हटलं की लोक वळून बघतात, इथे तो तोटा आहे. मुलाच्या दोन्ही बाजूंनी साइडवॉकर चालतात, त्यांचा हात मुलाच्या मांडीवर किंवा कंबरेला अर्धा तास ठेवायचा असतो, घोडा उंच असला की दहा मिनिटांत खांदे भरून येतात आणि पकड ढिली पडते. बावन्न ते साठ इंच बरं.

वजनाचा ढोबळ नियम असा की स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, आणि तोल नसलेला स्वार असेल तर त्याहून कमीच धरा कारण ढिलं वजन जास्त जड पडतं. घोड्याला काट्यावर नेणं शक्य नसेल तर छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर साधारण ३०० किलो येतं, म्हणजे खोगिरासकट ६० ही वरची हद्द झाली. थोराड टीनएजर मुलांना सेंटर नाही म्हणतं ते याच्यामुळे, पालकांना राग येतो पण इलाज नाही.

एकाच घोड्यावर सगळी मुलं बसवता येतील?

सुरुवातीला बसवावी लागतात, पैसे कुणाकडे असतात. पण आदर्श म्हणाल तर दोन तरी वेगळ्या बांध्याचे हवेत. ज्या मुलाचे स्नायू ताठ, मांड्या कात्रीसारख्या जुळतात, त्याला रुंद पाठीच्या घोड्यावर बसवलं तर मांड्या ताणून दुखतात, त्याला अरुंद पाठीचा, हळू आणि गुळगुळीत चालीचा घोडा लागतो. उलट अंगात ताकदच नाही, ढिलं पडणारं मूल असेल तर जरा जोरकस पावलाचा घोडा घेतला की ते मूल जागं होतं, मान धरायला लागतं. तोल अगदीच नसेल तर पाठ रुंद बरी. हे फिजिओने मुलाला तपासून ठरवायचं, साईसने (घोडा सांभाळणाऱ्याने) नाही, आणि मालकाने तर नाहीच.

वय काय असावं?

साधारण सात-आठच्या पुढे. तरुण घोडा कितीही गुणी असला तरी त्याने अजून जग बघितलेलं नसतं. वरची हद्द घोड्याच्या सांध्यांवर, अठरा-वीस वर्षांचेही ठणठणीत घोडे छान काम करतात, फक्त संधिवात सुरू झालाय का ते डॉक्टरकडून बघून घ्या. विकणारा नेहमी "सात वर्षांचा" म्हणतो. दात बघणारा माणूस बरोबर न्या.

घोडा की घोडी?

खच्ची केलेला घोडा पहिली पसंती. घोडी पण उत्तम, फक्त माजावर आल्या की काही घोड्या चिडक्या होतात, साधारण तीन आठवड्यांनी हे येतं, वेळापत्रकात धरून चाला. खच्ची न केलेला नर नको. आमचा अगदी लाडाचा आहे वगैरे ऐकून घ्या आणि तरी नको.

लग्नातली घोडी घेतली तर? तिला बँडची, फटाक्यांची सवय असते.

लॉजिक बरोबर वाटतं खरं, आणि काही घोड्या निघतातही चांगल्या. पण दोन गोष्टी. नाचरी घोडी असेल तर तिला ठेक्यावर पाय उचलायला शिकवलेलं असतं, पुष्कळदा मारून. आता मुलांच्या सेशनमध्ये आपण गाणी म्हणतो, टाळ्या वाजवतो, एखादं मूल आनंदाने घोड्याच्या मानेवर थापा मारायला लागतं, आणि खाली घोडी नाचायला लागते. तिची चूक नाही, तिला तेच शिकवलंय. दुसरं म्हणजे तोंड बघा. काटेरी लगाम कायद्याने बंद आहे, १९६५ च्या नियमांपासून, तरी सर्रास वापरतात, आणि त्याने ओठाचे कोपरे, जीभ सगळं कापलेलं असतं. अशी घोडी लगामाला हात लागला की डोकं उडवते. थेरपीत मुलं लगामाला लोंबकळतात, म्हणून तसाही लगाम तोंडात न देता मोहरकीच्या कड्यांना लावलेला बरा.

माथेरानचे, महाबळेश्वरचे घोडे?

माथेरानला खासगी मोटारी चालत नाहीत, त्यामुळे तिथल्या घोड्यांनी दिवसभर हरतऱ्हेची माणसं पाठीवर घेतलेली असतात, ओरडणारी, रडणारी, सेल्फी काढणारी. अनुभव भरपूर. पण लाल मातीच्या चढउतारावर राबून पाय झिजलेले असू शकतात आणि पाठीवर खोगिराचे जुने घट्टे असतात. वर सांगितल्याप्रमाणे पाठ आणि चाल बघून घ्या, मग काही हरकत नाही.

रेसकोर्सवरचा रिटायर्ड घोडा स्वस्तात मिळतोय.

स्वस्तात का मिळतोय ते आधी बघा, बहुतेक वेळा पाय. थरोब्रेडचं (रेसच्या घोड्यांची जात) पाऊल लांब असतं, काही मुलांना ते फार उपयोगी पडतं, पण रेसमधून चार-पाच वर्षांचा सुटलेला घोडा म्हणजे पोरगाच, कातडी नाजूक, बऱ्याच जणांना पोटात अल्सर, आणि त्याला आयुष्यभर एकच शिकवलेलं की वर माणूस बसला की पुढे निघायचं. त्याला थांबायला शिकवायला वर्ष दोन वर्षं लागतील. तेवढा वेळ आणि चांगला ट्रेनर असेल तरच.

स्वभावाची टेस्ट कशी घ्यायची?

मूल न बसवता. आधी मोठा, हलका, घोडा कळणारा माणूस बसवा आणि त्याला मुद्दाम वाईट बसायला सांगा, एका बाजूला कलंडणं, अचानक पाय आवळणं, मानेला मिठी, मधेच किंचाळणं, हात फडफडवणं. व्हीलचेअर जवळून न्या, पुढून, मागून, ब्रेक लावून खडखडवत. छत्री उघडा. बॉल पोटाखालून जाऊ द्या. रॅम्पला लावून उभा करा, कारण मुलाला बसवायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ घोड्याने एक पाऊलही हलवायचं नाही, ही सगळ्यात अवघड परीक्षा आहे, पुष्कळ चांगले घोडे इथे नापास होतात. मग उजवीकडून चढा. आपल्याकडे सगळं डावीकडून करायची पद्धत आहे, पण डाव्या बाजूने अधू असलेल्या मुलाला उजवीकडूनच बसवावं लागतं. सगळं एका दिवसात उरकू नका. आणि निकाल घोड्याचा लावताना धरणारा कोण होता ते पण लिहून ठेवा, कारण काही घोडे आपल्या साईससोबत देवमाणूस आणि दुसऱ्यासोबत भलतेच असतात.

दिवसाला किती मुलं?

अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेच्या नियमात दिवसाला जास्तीत जास्त सहा तास आणि सलग तीनपेक्षा जास्त नाही असं आहे, पण आपल्या उन्हात मला ते जास्त वाटतं. हे काम दिसायला हलकं असलं तरी डोक्याला जड आहे, गोल गोल चालायचं, वर तोल नसलेलं वजन, दोन्ही बाजूंना माणसं चिकटलेली. मधे मोकळं सोडणं, दुसऱ्या घोड्यांबरोबर चरू देणं, आठवड्यातून एकदा तरी रिंगबाहेर रपेट, हे पगारासारखं धरा. कंटाळलेला घोडा आधी बारीक सांगतो: रॅम्प दिसला की पाय जड होतात, शेपटी फटकारतो, दात करकरतो, दोरी चावतो, तंग आवळताना पोट फुगवतो. एवढं होऊनही कोणी ऐकलं नाही तर मग चावतो, आणि तेव्हा सगळे म्हणतात अचानक चावला.

खाण्यामुळे तापट होतो का?

होऊ शकतो. काम तासाभराचं आणि रोज तीन वेळा हरभरा दिला तर ती ताकद जाणार कुठे? चारा मुख्य, वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, लसूणघास बेताने, दाणा काम बघून. मीठ आणि पाणी कायम.

कुठल्या मुलाला बसवू नये?

हे डॉक्टरने ठरवायचं आणि लेखी द्यायचं. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांत ढिलेपणा असू शकतो, ती तपासणी झाल्याशिवाय घोड्यावर नाही. आटोक्यात नसलेल्या फिट्स, खुब्याचा सांधा निखळलेला असणं, फार ठिसूळ हाडं, यातही आधी विचारा.

सारंगखेड्याच्या बाजारातून घेऊ का?

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन या एकदा, घेतला नाही तरी डोळे तयार होतात. पण बाजारात भाव कशाला मिळतो, तर रंगाला, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, केसांचे भोवरे कुठे आहेत, गळ्याखाली देवमन (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का. आपल्याला याचा काडीचा उपयोग नाही, उलट फायदाच आहे, एखादा भोवरा "अशुभ" जागी आहे म्हणून चांगला घोडा कमी पैशात मिळून जातो.

गर्दीत, आवाजात, लांबच्या प्रवासानंतर घोडा खरा कसा आहे ते तिथे कळत नाही. इसार देतानाच बोली करून घ्या की महिना दोन महिने ट्रायल, नाही जमला तर परत. बाजारातले बरेच जण मानत नाहीत, गावातले मालक मानतात, म्हणून मी स्वतः बाजारापेक्षा ओळखीतून घ्यायला सांगतो. आणलेला घोडा पहिले काही आठवडे बाकीच्यांपासून वेगळा बांधा, बादली वेगळी, खरारा वेगळा. रक्त ग्लँडर्ससाठी तपासायला द्या, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना जातो. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, पॉझिटिव्ह आला तर घोडा कायद्याने मारावाच लागतो, आणि आपल्याकडे येणारी काही मुलं आधीच आजारी असतात. धनुर्वाताची लस घोड्यालाही आणि साईसलाही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. रिपोर्ट हातात येईपर्यंत मुलांना तबेल्याच्या त्या बाजूला फिरकू देऊ नका, पालक कितीही मागे लागले तरी.